तिले पाप लागते काय?

प्रबंधाचं शीर्षक होतं ‘हवामान बदलाला उद्योगसंस्थांचा धोरणात्मक प्रतिसाद’. ते मी बाबांना तीनदा समजावून सांगितलं. दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या घराच्या ओट्यावर ते तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर म्हणाले, “म्हंजे गरमी वाढून राह्यली, अन् कंपन्या काय करून राह्यल्या, थे तू पाहून राह्यली.”

“हो.”

“मंग मले एक सांग माय. कंपनीले पाप लागते काय?”

मी अमरावतीत वाणिज्य शिकवते. माझ्या प्रश्नावलीत चौतीस प्रश्न होते. ऊर्जेचा स्रोत कोणता, जबाबदार अधिकारी कोण, उत्सर्जनाचं उद्दिष्ट ठरवलंय का, ठरवलं असल्यास कोणत्या सालापर्यंत. पाप हा रकाना नव्हता.

वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला कंपनी नवी नाही. बियाण्याची कंपनी, औषधाची कंपनी, आणि आता विम्याची कंपनी. पाण्यानं बोंडं सडली तर ७२ तासांच्या आत कळवा, असं ही शेवटची कंपनी सांगत असे, म्हणजे तिनंही हवामान बदलाला धोरणात्मक प्रतिसाद दिलेलाच आहे. बाबांचा कंपन्यांशी चाळीस वर्षांचा व्यवहार. पण यांतली एकही त्यांनी कधी पाहिलेली नाही. माणसं येतात, मोटरसायकलवरून, दरवर्षी वेगळी. म्हणून प्रश्न साधा होता: ही माणसं ज्या कुणाच्या वतीनं येतात, त्या ‘कुणा’ला पाप-पुण्य आहे का?

मी माझ्या विषयातलं उत्तर दिलं. कायद्याच्या दृष्टीनं कंपनी ही स्वतंत्र व्यक्ती आहे. इंग्लंडात १८९७ साली सॉलोमन नावाच्या चामड्याच्या जोड्यांच्या व्यापाऱ्याच्या खटल्यात हे पक्कं झालं. मालक वेगळा, कंपनी वेगळी. तिच्या नावानं जमीन होते, कर्ज होतं, दंड होतो. ती मरत नाही. आणि आपल्याकडे मंदिरातला देवही असाच कायदेशीर व्यक्ती आहे, त्याच्याही नावावर जमीन असते, तोही कोर्टात जातो. फक्त देवाला अनेक निकालांत कायमचा अल्पवयीन मानलंय. कायद्याच्या जुन्या मराठीत अल्पवयीनाला ‘अज्ञान’ म्हणतात. देव अज्ञान, म्हणून त्याच्या वतीनं वहिवाटदार बघतो.

बाबा हसले. “म्हंजे कंपनी देवासारखीच व्हय. दिसत नाही, मरत नाही, अन् निवद लागते. मंग पुजारी कोन?”

पुजारी म्हणजे संचालक मंडळ. आणि गंमत अशी, की २०१३च्या कंपनी कायद्याच्या कलम १६६मध्ये संचालकाच्या कर्तव्यांत भागधारक, कामगार, समाज यांच्याबरोबर पर्यावरणाचं रक्षणही लिहून ठेवलंय. पुजाऱ्यावर धर्म घातलाय. देवाचं काय, ते कलम सांगत नाही. २०१७च्या मार्चमध्ये उत्तराखंडच्या उच्च न्यायालयानं गंगा आणि यमुना यांनाही व्यक्ती ठरवलं, जुलैत सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. म्हणजे नदी चारेक महिने व्यक्ती होती. कंपनीला सव्वाशे वर्षं झाली.

आमची पूर्णा यातल्या कशातच नाही. तिच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा पसरलाय, अमरावती, अकोला, बुलडाण्यात. जमीन अशी काळीभोर की हात रुततो, आणि विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. ओलित करावं तर जमीन नासते. म्हणून आमची शेती सारी वरच्या पाण्यावर, आणि वरचं पाणी आता आपल्या मनाचं झालंय. मृगात येत नाही, येतं ते ऐन वेचणीला.

संशोधनाचं सांगते. ॲम्स्टरडॅमच्या आन्स कोल्क आणि योनातन पिंक्से या दोघांनी २००५ साली जगातल्या मोठ्या कंपन्यांची हवामानाबाबतची धोरणं तपासून त्यांचे सहा प्रकार पाडले. त्यांत सावध नियोजन करणारे आहेत, घरातच शोध घेणारे आहेत, पुरवठा साखळीत शोध घेणारे आहेत, आणि एक प्रकार उत्सर्जनाचा व्यापार करणाऱ्यांचा आहे. मुळाशी भेद दोनच: स्वतःची रीत बदलायची, की दुसरीकडून भरपाई करायची. मी हा साचा घेऊन विदर्भातल्या उद्योगांकडे गेले. पुष्कळ ठिकाणी फाटकावरच चहा मिळाला आणि अर्ज आत गेला. मोठ्या कंपन्यांची उत्तरं गुळगुळीत होती, कारण ती आधीच लिहिलेली होती. सेबीनं २०२२-२३पासून पहिल्या हजार सूचीबद्ध कंपन्यांना ‘बिझनेस रिस्पॉन्सिबिलिटी अँड सस्टेनेबिलिटी रिपोर्ट’ बंधनकारक केलाय. त्यातलेच परिच्छेद उचलून मला पाठवले जात.

खरी उत्तरं मिळाली अकोल्यात, एका जिनिंगमध्ये. तिचं नाव कोणत्याही यादीत यायचं नाही, एवढी ती लहान. रेचे चालवायचे, सरकी वेगळी काढायची, रुईच्या गठाणी बांधायच्या, आणि मागच्या शेडमध्ये सरकीचं तेल काढून ढेप विकायची. मालक जैन, साठीचे. त्यांना मी भाऊ म्हणते, ते मला मॅडम. टिनाच्या छतावर सोलर पॅनेल दिसले म्हणून मी वही उघडली आणि विचारलं, हा निर्णय पर्यावरणाच्या विचारानं घेतला का.

“बिलाच्या विचारानं,” ते म्हणाले. “पर्यावरण नंतर आलं. बँकेवाला म्हणाला, फॉर्मात तसं लिहा.”

मी ‘खर्चबचत’वर खूण केली. तेवढ्यात त्यांनी जे सांगितलं त्याला माझ्या साच्यात जागा नव्हती. “मॅडम, आमच्यात पंधरा कर्मादानं आहेत. श्रावकानं करू नयेत असे पंधरा धंदे. पंधरा दिवसांनी पक्खी प्रतिक्रमण असतं, तेव्हा म्हणतो. त्यात यंत्रपीलन आहे. यंत्रात पिळून काढायचा धंदा. म्हणजे हाच,” त्यांनी मागच्या शेडकडे मान केली. “रात्री म्हणतो की यात दोष आहे. सकाळी स्विच टाकतो.”

मी घरी येऊन ती यादी शोधली. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी ‘योगशास्त्रा’त ती दिली आहे, आगमांत त्याच्याही आधीपासून आहे. पहिलंच नाव अंगारकर्म: कोळसे पाडून, भट्ट्या पेटवून पोट भरणं. मग वनकर्म, झाडं तोडून विकणं. पुढे विषाचा व्यापार. दवदान, म्हणजे रानाला आग लावणं. आणि सर-द्रह-तडागशोषण: सरोवरं, डोह, तळी आटवणं.

मी खूप वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. भुसावळहून अकोल्याला येताना गाडीतून पारसच्या वीजकेंद्राची चिमणी दिसते. तिथे २५० मेगावॅटचे दोन संच कोळशावर चालतात. अमरावतीजवळ नांदगावपेठला १३५० मेगावॅटचा प्रकल्प आहे, तोही कोळशावर, आणि पाणी अप्पर वर्धा धरणाचं. ते पाणी शेतीचं की विजेचं, यावर २०१०च्या सुमारास अमरावती जिल्हा पेटला होता, प्रकरण नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. मोर्च्यात कुणी कर्मादान हा शब्द उच्चारला नसेल. पण अंगार आणि तडाग, दोन्ही एका फाटकाच्या आत होते. आणि त्या विजेवर माझा पंखा चालतो, हेही खरं.

भाऊंनी एक गोष्ट आणखी शिकवली, जी मला व्यवस्थापनाच्या पुस्तकांनी इतकी स्वच्छ शिकवली नव्हती. पाप तीन वाटांनी होतं: करणं, करवणं आणि अनुमोदणं. स्वतः केलं, दुसऱ्याकडून करवलं, किंवा दुसऱ्यानं केलेल्याला संमती दिली. आता उत्सर्जनाचा जगभर चालणारा हिशोब पाहा, ग्रीनहाऊस गॅस प्रोटोकॉलचा, २००१ सालचा. स्कोप एक: आपल्या आवारात जाळलेलं. स्कोप दोन: विकत घेतलेली वीज, म्हणजे आपल्यासाठी दुसऱ्यानं जाळलेलं. स्कोप तीन: साखळीत वर-खाली कुठेही झालेलं, ज्याच्या जिवावर आपला धंदा उभा आहे. जुळणी तंतोतंत आहे असं मी म्हणत नाही. अनुमोदन ही मनाची गोष्ट आहे, स्कोप तीन ही बिलांची. पण विचार करणाऱ्याला एकच अडचण दोन्हीकडे सापडली होती: हात स्वच्छ ठेवूनही करता येतं, त्याचं काय?

मी हे उत्साहानं सांगितलं तेव्हा भाऊ म्हणाले, “पण गृहस्थाला तिसरं झेपत नाही मॅडम. साधू तिन्ही सोडतो. आम्ही सामायिक व्रत घेतो ते दोनाचं. करणार नाही, करवणार नाही. अनुमोदन सुटत नाही. घरात आहे ना माणूस.”

सेबीच्या अहवालात स्कोप एक आणि दोन आवश्यक रकान्यांत आहेत. स्कोप तीन ऐच्छिक. संसारी माणसाला दिलेली सवलत शेकडो वर्षांनी शेअर बाजारालाही लागली, असं मी प्रबंधाच्या पाचव्या प्रकरणात लिहिलं. माझ्या मार्गदर्शकांनी त्याखाली लाल शाईनं रेघ मारली. “हे वाणिज्य आहे, कीर्तन नाही,” ते म्हणाले. ते प्रकरण गेलं. आमच्या विद्यापीठाला कीर्तन करणाऱ्या गाडगेबाबांचं नाव आहे, हे त्यांना सांगायचं धाडस मला तोंडी परीक्षेच्या आधी झालं नाही. नंतर सांगून उपयोग नव्हता.

तर त्या गेलेल्या प्रकरणातलं मला जे म्हणायचं होतं ते हे.

हवामानाबाबत कंपनी काही चांगलं करते तेव्हा आपण पहिला प्रश्न विचारतो: मनापासून करते का? की दिखावा आहे? माझ्या निम्म्या प्रश्नांचा रोख तोच होता. ‘धोरणात्मक’ हा शब्दच संशयाचा आहे. धोरणानं वागणारा माणूस आपल्याला आवडत नाही. गीता वाचलेला वाचक लगेच निष्काम कर्म काढतो आणि म्हणतो, फळाची आशा धरून केलेलं कसलं पुण्य. मला हा प्रश्न आता चुकीचा वाटतो. मन असलेल्यालाच मनापासून काही करता येतं. कंपनीला स्वाक्षरी आहे, शिक्का आहे, पॅन नंबर आहे. पण पश्चात्तापानं रात्री जागं राहणारं असं तिच्यात काही नाही. भाऊंना आहे. त्यांच्या फर्मला नाही.

जैन विचारात भावहिंसा आणि द्रव्यहिंसा असा फरक करतात. मनातली हिंसा आणि प्रत्यक्ष घडलेली हिंसा. जिवाला बांधून ठेवतं ते मुख्यतः मनातलं. साधकासाठी हे फार खोल आहे. पण वातावरणात गेलेला कार्बन साधक नाही. हवेला भाव कळत नाही, द्रव्य कळतं. भाऊंनी बिलासाठी बसवलेल्या पॅनेलनं पारसचा जेवढा कोळसा वाचवला, तेवढाच तो एखाद्या महात्म्यानं बसवलेल्या पॅनेलनं वाचला असता. (आमच्याकडे ‘भाव’ म्हटलं की पहिल्यांदा कापसाचा दर आठवतो, तेव्हा हवेला तोही कळत नाही हे जाता जाता नोंदवते.)

मग कंपनीला काहीच विचारायचं नाही का? विचारायचं. भाव विचारू नये, पण उपास कुणाच्या अंगावर घातलाय ते विचारावं. उपासाच्या प्रायश्चित्ताची जी रीत आपल्याकडे आहे, तिच्यात एक गोष्ट ठरलेली: ज्यानं केलं त्याचंच पोट रिकामं राहिलं पाहिजे. सासूच्या पापाला सुनेनं एकादशी करून भागत नाही. माझ्या प्रश्नावलीला उत्तर देणाऱ्या एका मोठ्या शहरातल्या कंपनीनं लिहिलं होतं की ती ‘कार्बन न्यूट्रल’ झाली आहे, आणि खाली बारीक अक्षरात, की उरलेलं उत्सर्जन दूरच्या एका प्रकल्पाची क्रेडिट्स घेऊन भरून काढलंय. म्हणजे मी जेवले, आणि उपास कुणाकडून तरी विकत घेतला. तो उपास खरोखर झाला असेल तर जगातली भूक-तहान थोडी इकडची तिकडे होते, एवढं मी मान्य करते. पण हे प्रायश्चित्त म्हणवून घेऊ नये.

याहून अवघड प्रकार कापसात दिसतो. पामतेलात, कोकोमध्ये, कापसात ‘मास बॅलन्स’ नावाची हिशोबाची पद्धत चालते. चांगल्या रीतीनं पिकवलेला माल आणि साधा माल वाटेत मिसळला तरी चालतो. कागदावर चांगल्याचं वजन पुढे सरकत राहतं, आणि शेवटी एखादी कंपनी तेवढ्या वजनाचा दावा करते. तिच्या शर्टात तो कापूस असेलच असं नाही. माल एका गाडीत, पुण्य दुसऱ्या गाडीत. व्यवहाराला हे सोयीचं आहे, जिनिंगमध्ये ढीग वेगळे ठेवणं किती कठीण हे मी पाहिलंय. तरी ऐकल्यावर बाबा म्हणाले, “अरे बाप्पा! म्हंजे आपला कापूस गेला अकोल्याले अन् चांगुलपना गेला जर्मनीले.”

त्यांना हे पटकन कळलं, कारण ते स्वतः त्या साखळीच्या तळाशी आहेत. गावातलाच एक पोरगा, बी.एस्सी. झालेला, अशाच एका कार्यक्रमासाठी शेतकऱ्यांची माहिती भरतो. संस्था कोणती हे मी सांगत नाही, अशा पुष्कळ आहेत. गेल्या फाल्गुनात तो आला तेव्हा मी घरीच होते. टॅब गुडघ्यावर ठेवून त्यानं विचारायला सुरुवात केली. फवारे किती, खत किती, फरदड घेतली का. मग, “काका, पराटी जाळता काय?”

बाबा त्याच्याकडे बघत राहिले. आदल्या रात्री दोघा गड्यांबरोबर त्यांनी तीन एकरांतली पराटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, पेटवली होती. बोंडअळीचं पुढचं घर मोडायचं तर उभी पराटी शेतात ठेवून चालत नाही, आणि कुटी करायचं यंत्र भाड्यानं आणायचं तर खिशातून पैसे जातात. त्यांच्या सदऱ्याला धूर येत होता. टॅबवाल्यालाही येत असणार, तो हातभर अंतरावर बसला होता.

“नाई,” बाबा म्हणाले.

पोरानं ‘नाही’वर बोट ठेवलं, दुसऱ्या पानावर गेला, आणि मान वर न करता म्हणाला, “काकू, थोडं पानी द्या.” आई पाणी घेऊन आली. मग तिघंही पोळ्याच्या बैलाबद्दल बोलत बसले.

तो गेल्यावर मी बाबांना विचारलं, खोटं काहून बोलले. ते म्हणाले, “त्याले हो म्हनलो असतो तं त्याचं टारगेट बिघडलं असतं. त्याच्या मायले मी ओळखतो.” थोड्या वेळानं आणखी म्हणाले, “धूर माह्या छातीत, यंत्राचं भाडं माह्या खिशातून, अन् हिशोब तिकडच्याचा सुधरते. मंग उपास कोनाचा झाला, थे सांग.”

दवदान म्हणजे रानाला आग लावणं, ते मला तेव्हा आठवलं. बाबांनी लावली होती. करणं त्यांचं. करवणं कुणाचं, हे तीन एकरांच्या राखेकडे बघून मला ठरवता आलं नाही. जर्मनीतल्या ज्या कंपनीनं ‘आमच्या साखळीत जाळणं कमी झालं’ असं लिहिलं असेल, तिच्या त्या वाक्यात माझ्या वडिलांचं ‘नाई’ आहे. त्या कंपनीला पाप लागलं असेल का, मला माहीत नाही. पण यंत्राचं भाडं तिनं दिलं असतं तर ‘नाई’ खरं झालं असतं, एवढं मला हिशोबानं सांगता येतं. कुटीच्या भाड्याचा आकडा कोणत्याही वार्षिक अहवालात अर्ध्या ओळीत बसला असता.

अकोल्याच्या त्या जिनिंगमध्ये मी पुन्हा गेले होते ते मे २०२४च्या शेवटी. पारा ४५ अंशांच्या वर, जिल्हा प्रशासनानं उष्णतेपायी कलम १४४ लावलेलं. दंगलीसाठी असायचं ते कलम उन्हासाठी लागलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. कामगारांना पाणी द्या, पंखे द्या, असा मालकांना आदेश. भाऊंनी त्याची झेरॉक्स ऑफिसच्या दारावर चिकटवली होती, खाली ओलं गोणपाट गुंडाळलेला माठ. आत कूलर होता. ढेपेची पोती ट्रकमध्ये भरणाऱ्या हमालांच्या शेडमध्ये टिन तापून वाजत होतं, आणि पंखा नव्हता.

मी काही बोलले नाही. संशोधकानं क्षेत्रात हस्तक्षेप करू नये, असं आम्हीच शिकवतो.

त्याच वर्षी भाद्रपदात संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी कामासाठी अकोल्यात होते, म्हणून डोकावले. हंगामाआधी रेचे उघडून ठेवलेले, फरशी धुतलेली. भाऊंचा उपास सुटलेला होता, चेहरा उतरलेला. ते आवारात एकेकासमोर हात जोडून उभे राहत होते, मुनीम, फिटर, काटेवाला. “मिच्छामि दुक्कडम्. वर्षभरात काही चुकलं असेल तर माफ करा.” मलाही म्हणाले, मीही हात जोडले. मग ते शेडमधल्या सर्वांत म्हाताऱ्या हमालापाशी गेले. त्यानं डोक्यावरचा रुमाल काढला, सेठचे जोडलेले हात आपल्या हातात घेतले आणि म्हणाला, “माफ तं हावोच सेठ. पंख्याचं पाहा.”

भाऊ गप्प झाले. मुनीम हसला, मग त्याचंही हसू विरलं.

दिवाळीनंतर कापूस सुरू झाल्यावर गेले तेव्हा शेडमध्ये दोन पंखे फिरत होते, मोठ्या पात्यांचे. भाऊंनी माझी नजर पाहिली. “सोलरवर आहेत मॅडम,” ते घाईनं म्हणाले, “बिल येत नाही.”

बाबांना फोनवर हे सांगितलं. ते म्हणाले, “मंग लिही ना तुह्या फारमात. खर्चबचत.”